मेंढरं मोजून पाच

...आणि वर मलाच म्हणतात, हे सगळं तुझ्यामुळे झालं. माझ्यामुळे? मी काय केलं, तुम्हीच सांगा. मी फक्त एवढंच म्हटलं होतं की पाच माणसांच्या घरात दिवसातून एकदा, एकदाच हो, पाचही माणसांनी एका ठिकाणी बसून जेवावं. हा काय गुन्हा आहे? सात वर्षं लांब शिकायला होते, एका खोलीत भिंतीकडे बघत एकटी जेवले, आणि रोज वाटायचं, परत जाईन, सगळे एका टेबलाभोवती बसू, हसू, भांडू... परत आले तर बघते काय, बाबा टीव्हीसमोर, आई ओट्याला टेकून उभ्याउभ्या, दादा लॅपटॉपपुढे, वहिनी दातांची डॉक्टर, ती आल्याआल्या ताट घेऊन पलंगावर, आणि टेबलावर कोण? इस्त्रीला जायचे कपडे. बसलेत ऐटीत. म्हटलं, हे चालणार नाही. आणि तुम्हाला सांगते, मी एकदा ठरवलं की ठरवलं.

म्हणून ती सहल काढली. तीन दिवस, शहरापासून लांब, माळावर एक लहानसं घर भाड्याने घेतलं, आणि बरोबर तक्क्या. तक्क्या म्हणजे आमचा कुत्रा. त्याची जात कुठली ते जनावरांच्या डॉक्टरलाही सांगता आलं नाही. दिवसभर पडून असतो आणि बाबा त्याला टेकून पेपर वाचतात, म्हणून तक्क्या. मी हिशेब असा केला, की एकच खोली, टीव्ही नाही, रेंज नाही, जातील कुठे? गेले हो. टेकडीवरच्या एका दगडावर उभं राहिलं की रेंज येते हे दादाने पंधरा मिनिटांत शोधून काढलं, आणि तीन दिवस तो त्या दगडावर पुतळ्यासारखा. बाबा ओढ्यात पाय सोडून. वहिनी झोपली, ती थेट निघायच्या दिवशी उठली. आई शेजारच्या मेंढपाळाच्या बायकोशी अशी रमली, जणू मागच्या जन्मीच्या जावाजावा. आणि तक्क्या मेंढपाळाच्या कुत्रीमागे. म्हातारी, एक कान अर्धा, अंगावर नुसती हाडं, पण रुबाब काय तिचा... ऐंशी मेंढरं माळभर पांगलेली असोत, ही एक गोल चक्कर मारणार, एखाद्या मेंढीच्या टाचेला नाक लावणार, की झालं, सगळी एका जागी. आमचं हे गाठोडं पहिल्या दिवशी तिच्यामागे धापा टाकत, दुसऱ्या दिवशी तिच्या बाजूने, आणि तिसऱ्या दिवशी मेंढपाळ मला म्हणतो, "ताई, तुमच्या कुत्र्याला चांगली हातोटी आहे की. इतकी वर्षं काही कामच दिलं नाही व्हय त्याला?" पण माझं लक्ष कुठे होतं? तीन दिवसांत आम्ही पाच जण एकत्र बसलो ते फक्त गाडीत, तेही पट्टे बांधलेले होते म्हणून.

पण मी एकदा ठरवलं की ठरवलं.

सोमवारी घरी आलो. मंगळवारी संध्याकाळी वहिनी कामावरून आली, चपला काढल्या, आणि तक्क्या उठला. स्वतःहून. आई म्हणाली, "भूकंपबिंकंप होणार आहे की काय?" त्याने वहिनीच्या टाचेला नाक लावलं आणि ढकलत ढकलत तिला पॅसेजमध्ये नेलं. पॅसेज म्हणजे आमच्या बाथरूमसमोरची अडीच फूट रुंद जागा. आता तिथेच का? कारण बाबा आत होते, आणि बाबा आत गेले की शब्दकोडं सुटेपर्यंत बाहेर येत नाहीत. तक्क्याने विचार केला असणार, हे मेंढरू काही हलत नाही, बाकीची इथेच आणू. आईला आणलं, हातात कालथा. मला आणलं. दादाची मीटिंग चालू होती, आणि त्याच्या खुर्चीला चाकं आहेत, म्हणून त्याला खुर्चीसकट आणला. तिकडे साहेब विचारतायत, "आवाज येतोय का?" आवाज येत होता हो, माणूसच गेला होता. बाबांनी दार उघडलं, चार माणसं आणि एक खुर्ची बघितली आणि म्हणाले, "मोर्चा आहे का?"

पाच झाले. तक्क्याने मोजले, पॅसेजच्या तोंडाशी आडवा पडला, आणि कुणी पाय उचलला की गुर्र. करणार काय? आईने हात लांब करून ओट्यावरची भांडी घेतली, आणि आम्ही जेवलो. गुडघ्याला गुडघा लावून, बाथरूमच्या दारात. वहिनीने तिचं बोट चावणाऱ्या पेशंटची नक्कल केली, बाबांना हसून ठसका लागला. आईला डाव्या कानाने कमी ऐकू येतं हे दादाला त्या दिवशी कळलं, कारण तो तिच्या डावीकडे बसला होता आणि तीनदा मीठ मागूनही मिळालं नव्हतं. मी? मी संधी सोडते होय? कुटुंब म्हणजे काय, संवाद म्हणजे काय, सगळं मुद्देसूद समजावून सांगितलं. उठून जातायत कुठे?

रात्री उशिरा एकेक जण त्याला ओलांडून निसटला, तर हा पहाटेपर्यंत खोल्याखोल्यांतून आम्हाला मोजत फिरला. बुधवारी तेच. गुरुवारी साहेबांनी दादाला विचारलं, "रोज आठ वाजता तुम्ही मागे मागे का जाता?" दादा भडकला. म्हणाला, "रविवारपर्यंत हा थांबला नाही, तर मी याला माळावर सोडून येणार. तिथे काम आहे त्याला." आणि दादा बोलला की करतो. आमच्या घराण्याचाच दोष तो.

मी गुपचूप मेंढपाळाला फोन केला. तो हसला. "ताई, काम संपलं हे त्याला सांगावं लागतं. जिभेने दोनदा टक टक करा अन् हूऽऽ म्हणा. नाही सांगितलं तर बिचारं राखतच बसणार." एवढंच. आता मला सांगा, मी काय करायचं? सांगावं, तर कुत्रा राहील पण पॅसेज उद्यापासून रिकामा. न सांगावं, तर रविवारी कुत्राच जाणार. आणि मी, जिने पारदर्शक कारभारावर दीडशे पानांचा प्रबंध लिहिलाय, ती मी गप्प बसले. म्हटलं, रविवारपर्यंत तरी जेवू द्या.

रविवार उजाडला. बैठक पॅसेजमध्येच, दुसरीकडे बसू कोण देतंय? दादाच्या हातात गाडीची किल्ली. आई रडवेली, बाबा म्हणतायत, "मग मी टेकू कशाला?" आणि मी बघितलं तक्क्याकडे. डोळे मिटत होते त्याचे. हनुवटी जमिनीला टेकायची, तेवढ्यात कुणाचा तरी गुडघा हलायचा, की पुन्हा वर. पाच दिवस तो नीट झोपलाच नव्हता, कारण त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की झालं. माझ्या तत्त्वापायी जागत होता तो.

टक टक. हूऽऽ.

उठला, आपल्या गोधडीवर गेला आणि पडल्यापडल्या घोरायला लागला. वाट मोकळी. दादा माझ्याकडे बघतोय. "हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"गुरुवारपासून."

तर आई शांतपणे म्हणते, "मला बुधवारीच कळलं. मेंढपाळाच्या बायकोशी रोज फोन असतो माझा."

वहिनी म्हणाली, "अहो आई, मग बोलला का नाहीत?"

"गरम जेवत होतात ना सगळे. कशाला बोलू?"

 वाट मोकळी असूनही कुणी उठेना. मग दादाने किल्ली खिशात टाकली आणि म्हणाला, "कुत्रा राहू दे. आणि हे... हेही राहू दे. रोज आठला, वीस मिनिटं. पण माणसासारखं, टेबलावर." माझे डोळेच भरून आले हो. सात वर्षं याचीच वाट बघितली. म्हटलं, या प्रसंगी दोन शब्द बोलते, आणि मुद्द्यांचा कागद काढला.

बाबा म्हणाले, "एक अट आहे."

मतदान झालं. चार विरुद्ध एक. आईनेसुद्धा हात वर केला, कालथ्यासकट.

तेव्हापासून रोज आठला पाचही जण टेबलावर असतात. हसतात, भांडतात, दादा आईच्या उजवीकडे बसतो. अगदी मला हवं होतं तसं. फक्त अट अशी, की त्या वीस मिनिटांत मी तोंड उघडायचं ते घास घ्यायला. मी पाळते. ठरवलं की ठरवलं. वीस मिनिटं तोंड मिटून बसते, मग बाहेर पडते, आणि जो पहिला निवांत बसलेला दिसेल त्याला गाठते. आज तुम्ही होतात.