आधीचं बरं, की आत्ताचं?

नाही, पण मी म्हणते, गाणं ऐकायला माणसाला आणखी किती डबे लागतात हो? सीडी आहे, सीडी वाजवायचं यंत्र आहे, कपाटाएवढे स्पीकर आहेत... पण नाही! आमच्या ह्यांना मध्येच एक डॅक हवा! तुम्हाला सांगते, मला आधी ऐकू आलं डाक, म्हटलं, कुणाचं पत्र यायचंय? तर केवढ्यानं ओरडले, "डाक नव्हे गं, डॅक! सीडीवर गाणं नसतंच मुळी, नुसते आकडे असतात. त्या आकड्यांचं परत गाणं करतो तो डॅक!" म्हटलं, मग इतकी वर्षं आपण आकडे ऐकत होतो का? "प्लेअरच्या पोटात असतो गं एक, पण तो अगदीच साधा. सूर पुसट येतात!" पुसट म्हणे!

आता ह्यांचा धंदा चष्म्याचा. दिवसभर गिऱ्हाइकाच्या नाकावर भिंगं बदलायची आणि विचारायचं, "आधीचं बरं, की आत्ताचं?" तीच खोड घरी आली! दुकानदारानं तीन डॅक आठवडाभर वापरून बघायला दिले, ओळखीचाच तो, त्याच्या नाकावरचा चष्मा ह्यांच्याकडचाच. एक काडेपेटीएवढा, एक पुस्तकाएवढा, आणि तिसरा... अहो, दोन्ही हातांनी उचलायचा, वर तापतोसुद्धा! मी भांडी घासत असले तरी ओल्या हातानं मला खुर्चीत बसवायचे, डोळे मिटायला लावायचे, खट्‌कन वायर बदलायची की झालं, "आधीचं बरं, की आत्ताचं?"

मला मेलं सगळं सारखंच! पण तसं म्हटलं की ह्यांचा चेहरा असा उतरतो ना... म्हणून मी आळीपाळीनं सांगायचे. एकदा आधीचं, एकदा आत्ताचं. आणि हे गंभीरपणे मान डोलवणार, "वा, बरोब्बर पकडलंस!"

शेवटच्या दिवसापर्यंत निकाल लागेना, तेव्हा ताईंना बोलावलं. ताई म्हणजे माझी थोरली नणंद. गातात छान, आणि ह्यांना त्यांचा धाक. त्यांची जुनी मैफल, शाळेच्या सभागृहातली, तिचीच सीडी लावली. "पहिल्या रांगेत होतो मी, ताई! एकेक सूर पाठ आहे!"

काडेपेटी लावली. ताई म्हणाल्या, "बरंय." पुस्तक लावलं. "हेही बरंय." मग तो तापणारा लावला आणि तुम्हाला सांगते, मलासुद्धा कळलं हो! ताईंचा श्वास, पेटीच्या पट्टीवर पडलेलं बोट, मागं कुणाची तरी खुर्ची करकरली... सगळं! ह्यांच्या डोळ्यांत पाणी. "ताई, सांग, आधीचं बरं, की—"

"श्शू! ते खालून काय येतंय रे?"

"कुठं काय?"

"घर्रर्र... फुस्स... घर्रर्र... फुस्स..."

"ते... ते साथीचं मोठं व्हायोलिन असेल."

"व्हायोलिन? माझ्या साथीला नुसती पेटी होती!"

दोघांनी माझ्याकडं पाहिलं. आता मी काय बोलू? इतकी वर्षं त्याच आवाजाशेजारी झोपतेय, मला ओळखू नये? मी आपली छताकडं बघत बसले.

तर हे ताडकन उठले! "हा परतच करू. फारच... फारच स्वच्छ आहे. त्या मधल्यात कसा गोडवा होता..."

"बस खाली!" ताई कडाडल्या. "मी तिथं भीतीनं लटपटत गात होते, आणि तू पहिल्या रांगेत झोपलास?"

आणि हे, डोक्यावर चार केस उरलेला माणूस, इतक्या बारीक आवाजात म्हणाले, "लहानपणी तूच गाऊन निजवायचीस ना मला... तुझा आवाज लागला की डोळे मिटतातच गं."

ताई मग जे हसत सुटल्या... हसता हसता पदरानं डोळे पुसताहेत, परत हसताहेत! म्हणाल्या, "हाच ठेव. यात आपण दोघंही स्पष्ट ऐकू येतो."

ठेवला हो! काय करता? आता ताई वरचेवर येतात, सीडी लागते, ती जागा आली की बहीणभाऊ खिदळतात, आणि मी चहा घेऊन उभी. बरं दिसतं तेही, नाही म्हणत नाही... पण माझं बघा ना, रात्रीचं घोरणं होतंच फुकटचं, आता संध्याकाळी विकतचंही ऐकते!