झेंडा आधी कोण पाडणार?

जेवणात आधी कोण हरतं, याचं कुतूहल मला आयुष्यात एकदाच वाटलं, तेही माझ्या मित्राच्या, आप्पाच्या मुलीच्या सोयरिकीत. होणारे व्याही नाशिककडचे द्राक्षबागायतदार, वाईनच्या मुलखातले. म्हणून शहाद्याच्या आमच्या आप्पाने त्यांना आपला मोहाच्या दारूचा मुलूख दाखवायला अक्कलकुव्याच्या रस्त्यावरच्या नव्या बार्बेक्यूत नेलं. दोघांच्या मध्ये मी, समोर आप्पाची मुलगी वैशाली.

टेबलातच निखारे. वेटर म्हणाला, "हा छोटा झेंडा उभा आहे तोवर चिकनच्या सळया येत राहतील. पुरे झालं की आडवा करा."

बराच वेळ गेला, झेंडा उभाच. व्याही घामाघूम. मी आप्पाच्या कानात म्हटलं, "पाड ना!"

"मी पाडा तं व्याही काय म्हनतीन? पोटभर खाऊ दिधं नही! सोयरीक मोडी जाई ना!"

मग मी व्याह्यांकडे वळलो. ते कुजबुजले, "एवढ्या प्रेमानं खाऊ घालतायत. मी पाडला तर त्यांना अपमान वाटेल."

आमच्या कचेरीतही नकोसा निर्णय असाच समोरच्याच्या टेबलावर सरकवला जाई, फक्त तिथे सळया येत नसत.

एवढ्यात वैशाली उठली आणि तिने झेंडा आडवा केला. "आप्पा, आते पुरे!"

आप्पाचा चेहरा पडला. व्याह्यांनी कमरेचा पट्टा सैल केला, मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, "लवकरात लवकरचा मुहूर्त बघा. आमच्या घरात 'पुरे' म्हणणारं कुणीच नाही."