वहिनींच्या टेबलावरून एकतीस रेघा

...आणि वर साहेब मलाच विचारतात, 'हा व्हायरस पसरला कसा?' आता मी काय तो पाळला होता? तुम्हाला सांगतो, बत्तीस कॉम्प्युटर, चार खोल्या, प्रत्येक खोलीची लाइन वेगळी, एकीकडची आग दुसरीकडे जाऊ नये म्हणून मी स्वतः टेबलांखाली रांगत सगळी व्यवस्था केलेली, आणि तासाभरात एकतीस आडवे! पण आपण तारा बघणार, माणसं कोण बघणार?

साहेब म्हणाले, 'संध्याकाळपर्यंत मूळ शोधा, त्या माणसाची लगेच बदली.' बसलो कागद घेऊन, कोणी कोणाला काय पाठवलं त्याच्या रेघा ओढत, जो आडवा त्याच्यावर फुली मारत. आता आमचे रेकॉर्डवाले काका, त्यांची वर्षाला तीन मेल, व्हायरस आधी त्यांच्याकडे आला असता तर तिथेच म्हातारा होऊन मेला असता... पण तो नेमका आला आवक-जावकच्या टेबलावर, जिथून अख्ख्या ऑफिसला रेघा जातात. 'हे बघाच', एवढंच लिहिलेलं. साहेबांचं परिपत्रक आठ-आठ दिवस न उघडणारी माणसं, पण 'अहो, वहिनींनी पाठवलंय' म्हणत दोन मिनिटांत उघडून मोकळी!

वहिनी म्हणजे कोण? माझी बायको. बदली म्हणजे ती एका गावाला, मी एका. अहवालात लिहून टाकलं, 'मूळ बाहेरचे'. खोटं नाही हो, तिलाही कुठून तरी आलंच की. आपण तारा बघणार, माणसं कोण बघणार?

सगळे गेल्यावर तिला कागद दाखवला, म्हटलं, बघ, वाचवली तुला. ती रेघा मोजत बसली. 'एकतीस रेघा, तीस फुल्या. हा कोण सुटला?'

'मी,' म्हटलं, जरा ऐटीतच.

'म्हणजे तुम्ही उघडलंच नाही?'

मी सावधगिरीवर बोलायला लागलो, तोवर ती माझ्या कॉम्प्युटरपाशी पोचलेली. व्हायरसच्या खाली तिचे स्वतःचे अकरा निरोप, एकही न उघडलेला. 'आज जरा लवकर निघू या का?' हा तर तीन आठवड्यांपूर्वीचा. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त पर्स उचलली.

दुसऱ्या दिवशी तिने आपल्या मेलच्या यादीतून माझं नाव काढलं. साहेब सगळ्यांना सांगत असतात, ऑफिसात सर्वांत सुरक्षित कॉम्प्युटर माझाच. असेल. दर दहा मिनिटांनी उघडून बघतो मी. काही येत नाही. व्हायरससुद्धा नाही.