तोंड त्याचं, आपटायची मी

...आणि वर म्हणे, बायकांना विनोद जमत नाही! अहो, कुणी सांगितलं? तुम्हाला सांगते, सहा वर्षं, आठवड्याला नऊ खेळ, ऑस्ट्रेलियातले, डब्बोपासून लाँगरीचपर्यंतचे निम्मे लोकर कातरणारे गडी मी आपटून आपटून हसवलेत, आणि एकालाही पत्ता नव्हता की आपटतेय ती बाई आहे! कसा असणार? तोंड माझं होतंच कुठे?

तोंड म्हाताऱ्या क्लॅरीचं. पांढरेफटक गाल, डाव्या भुवईवर लाल कमान, हनुवटीवर तीन ठिपके, नाव डस्टी. क्लॅरी म्हणजे गॅरिटी सर्कशीत तीस वर्षं विदूषक. गुडघे गेले तसा तिकिटाच्या खिडकीत जाऊन बसला. आमच्यात नेम असा, की विदूषकाचं तोंड त्याच्या मालकीचं. दुसऱ्याचं रंगवलंत तर चोर म्हणून हाकलतील. तोंडाच्या धन्याने स्वतःच्या हाताने रंगवून दिलं, जसं क्लॅरीने मला, तर खुशाल घाला, पण एक रेघ बदलायची नाही! मी एकदा, एकदाच हो, गालावर एवढासा निळा ठिपका दिला, तर क्लॅरी खिडकी टाकून लंगडत आला. "पूस आधी तो! माझ्या तोंडावर तुझं काय काम, पोरी?"

घ्या! गाल माझा, आणि काम काय म्हणून मलाच विचारतोय! तोंड त्याचं, आपटायची मी.

मालक गॅरिटी त्याहून थोर. "मर्ल, गाव डस्टीला बघायला येतं. आत बाई आहे हे ज्या दिवशी कळेल, त्या दिवशी तू परत भटारखान्यात. बाई पडली की लोकांना कीव येते, हसू नाही." कीव! चार वर्षं चाळीस माणसांसाठी मटण उकडत होते, तेव्हा कुठे गेली होती यांची कीव?

पण ते दिवस... काय सांगू! सकाळी पाच गडी तंबूच्या एका खुंटीभोवती उभे राहून घण घालायचे, एका तालात, आणि त्या तालावर मी दात घासायचे. चहात भुसा, पावात भुसा, अंथरुणात भुसा. तंबूखाली चुरडलेल्या निलगिरीच्या पानांचा वास असा भरून राहायचा की आज डोकं दुखतं म्हणून तेलाची बाटली उघडते आणि डोकं राहतं बाजूला, मी आपली पडद्यामागे उभी, आत बँड सुरू... जाऊ दे. रडायला नाही बसले मी.

तर ब्लॅकऑल गाव. नदीला पूर, सिडनीहून येणारा रंग पलीकडे अडकलेला, दुपारचा खेळ तोंडावर. आता? भटारखान्यात घडलेली मी, अक्कल चालवली! मैदा घेतला, भाजलेल्या मटणाची थिजलेली चरबी घेतली, मळलं, थापलं. लाल कमानीला डब्यातलं बीट. काय तोंड उठलं म्हणता! क्लॅरीसुद्धा "हं" म्हणाला, आणि त्याचं "हं" म्हणजे दुसऱ्याचं पदक. विसरले एवढंच, की माझ्या पाठोपाठ रिंगणात एल्सीची सहा कुत्री यायची.

मी नेमाप्रमाणे बादलीत पाय घालून आपटले. कुत्री आली, टोप्या घालून, छोट्या गाडीला जुंपून. पुढचा नेल्सन. त्याने नाक वर केलं. थांबला. वळला... आणि अहो, सहाच्या सहा, गाडीसकट माझ्या अंगावर! एल्सी किंचाळतेय, "नेल्सन! मेल्या, बस! बस म्हणते ना!" बसला की! माझ्या छातीवर बसला! गाल चाटले, कमान चाटली, केसांचा टोप ओढून नेला, आणि माझे केस कमरेपर्यंत मोकळे.

पुढच्या बाकावरची एक बाई म्हणाली, "अगं बाई! ही तर पोरगी!"

झालं. मर्ल, चला मटण उकडायला. उठायला गेले तर पाय बादलीतच, पुन्हा आपटले... आणि या खेपेला आपटले ती माझ्या स्वतःच्या तोंडावर! कुणीतरी फिसकन हसलं. म्हटलं, जायचंच आहे तर असं कशाला जा? नेल्सनची टोपी घातली डोक्यावर, त्याचा पट्टा अडकवला गळ्यात, त्याला बसवला गाडीत, आणि लागले ओढायला! तो बसलाय साहेबासारखा, ओठ चाटत! काय हसले लोक! बाकावरून गडगडून खाली पडले!

पडद्याशी क्लॅरी उभा. "माझ्या तोंडाला एवढे कधी हसले नाहीत गं," म्हणाला, आणि हनुवटीवर राहिलेला एक ठिपका रुमालाने त्यानेच पुसला. हो, त्यानेच.

मालक धावत आले. "उद्यापासून रोज हेच!" मी छाती काढून उभी. पुढच्या गावात नवी पत्रकं लागली, काय मोठी अक्षरं! "हसून मराल! विनोदसम्राट नेल्सन!" म्हटलं, मालक, आणि मी? म्हणाले, "अगं, बाईला कोण हसतंय? हसतात ते कुत्र्याला."

म्हणजे तोंड माझं झालं, तर नाव त्याचं! नऊ वर्षं ओढला त्याला. मेला तेव्हा पेपरात फोटो आला, 'थोर विनोदी कलावंत हरपला.' मी कात्रण कापून ठेवलंय. काय करता... होताच तो चांगला.