वहिनीचं झाड उघडेना

...आणि तरी वहिनी म्हणतेय, 'थांबा हं, उघडतंय.' उघडतंय कसलं? तुम्हाला सांगतो, पडदा पांढराफटक आणि मोठ्या सिस्टर हाताची घडी घालून उभ्या. दवाखान्याचं सगळं जुनं दप्तर वहिनीनं संगणकात भरलेलं, डावीकडे झाडासारखी यादी, वॉर्डाखाली वर्षं, वर्षाखाली पेशंट, पेशंटखाली रिपोर्ट... घरी चार खोट्या नावांवर काय सुरेख चालायचं ते. इथं खरे पेशंट ढिगानं, आणि हा प्रोग्राम असा हट्टी, की एकूणएक नाव झाडाला टांगल्याशिवाय तोंडच उघडायचा नाही.

सिस्टर म्हणतात, 'अहो मॅडम, आजोबांना ऑपरेशनला न्यायचंय. मागच्या वेळी भुलीच्या औषधानं त्यांचा श्वास अडकला होता. कुठलं औषध, तेवढं बघा ना.' तेवढंच हो, एका माणसाचं एक पान. 'उघडतंय,' वहिनी म्हणते. उघडतंय कसलं?

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी ऑपरेशन थांबवलं, आजोबांची मुलगी दारात येऊन उभी राहिली, आणि वहिनीनं तिथंच स्टुलावर बसून प्रोग्रामला कात्री लावली. आधी फक्त वॉर्डांची नावं आणायची, खालचं ज्यानं मागितलं त्याला तेव्हा द्यायचं. चालू केलं, झटक्यात उघडलं! मी हुश्श करणार, तर सिस्टर म्हणतात, 'हे तर रिकामंच आहे.' आता बोला. खाली काही नाही म्हटल्यावर संगणकानं नावांशेजारची अधिकची (+) खूणच काढून टाकलेली, जिच्यावर क्लिक केलं की खालचं उघडतं ती. क्लिक करायचं कुठं, कपाळावर?

वहिनीनं ओठ चावला, आणि प्रत्येक वॉर्डाखाली एक खोटं पान चिकटवलं, नुसतं 'थांबा' लिहिलेलं. लगेच अधिकच्या खुणा हजर. क्लिक केलं की खोटं पान गळणार, खरी येणार. वर्षांना आणि पेशंटांनाही तीच युक्ती. सिस्टरनी बोट टेकवलं... वॉर्ड, वर्ष, आजोबा, रिपोर्ट. आणि लाल अक्षरात त्या औषधाचं नाव.

सिस्टर पळाल्या. वहिनी भिंतीला टेकून बसली, आणि आजोबांच्या मुलीनं तिच्या हातात पाण्याचा ग्लास दिला. दुपारी निरोप आला, दुसऱ्या औषधावर सगळं नीट झालं, आजोबा शुद्धीवर आलेत आणि चष्मा मागतायत.

संध्याकाळी आम्ही निघालो, तर सिस्टर मागून हसत आल्या. 'मॅडम, फारच छान झालं हो. आता फक्त एक बटण द्या, दाबलं की सगळं एकदम उघडेल असं.'

वहिनीनं खांद्यावरची बॅग परत खाली ठेवली.