आवळ्यापर्यंतचं भाषन

नकल्या म्हनून आले ना तुम्ही माह्याकडं, भाऊ? यष्टीतून उतरल्याबरोबर कोनी तरी सांगतलं असन, त्या पोट्ट्याकडं जा, हासूहासू पोट दुखन. तर पयलेच सांगून ठेवतो, फटफटीचा आवाज काढतो, रेडिओचा काढतो, आमच्या हेडमास्तरचा तर असा काढतो का त्याईची बायको बी फसन, पन एक आवाज मी आता काढत नाई, अन् तुम्हाले नेमका तोच पायजे असन. हासाले आले असान तर चहा पेऊन घ्या अन् जा बापा.

आमचं गाव सिंदेवाहीपासून सात-आठ मैल, जंगलाले लागून. बाप राइस मिलमधी हमाल, माय धानाच्या रोवन्याले जाते. मी सिंदेवाहीले शिकलो, बारावीत इंग्रजीनं मारलं, तवापासून लाऊडस्पीकरवाल्याकडं कामाले. दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई भरते, म्हनजे जत्राच, अन् रातभर नाटक; ते असलं का सायकलले भोंगा बांधून गावोगाव वरडत फिराचं. अन् नाटकाचा पडदा अडकला, पब्लिक बोंबलाले लागली, का मालक माइक माह्या हातात देते, कर बे काही तरी. नकला तिथीच सुरू झाल्या.

मांगच्या वर्षी दिवाळीच्या आंधी शहरातून एक डॉक्टर आले, तोंडाच्या कॅन्सरचा कॅम्प घेऊन. चार गावात कॅम्प अन् चारही गावात माइक आमचा, म्हनजे त्याईचं भाषन मी मशीनपाशी बसून चार डाव ऐकलं, अख्खंच्या अख्खं. काय सांगू तुम्हाले, मानूस लय चांगला, पन बोलनं असं का जसं नाकात कापूस कोंबला. म्हने, मंडळी, तुमच्या जंगलात ताकदीचं दुकान उघडं पडलंय बरं का! तरोट्याची भाजी खा, शेवग्याचा पाला खा, हळद खा, रोज एक आवळा खा. झाडं स्वतःला जपायला जे जे तयार करतात ना, ते आपल्यालाही जपतं, अंगात रोगाशी झुंजायचं बळ येतं, कॅन्सरला लांब ठेवायला मदत होते. हे झालं अर्धं. मंग ते चश्मा काढत अन् आवाज खाली जाये. म्हने, पण हे जेवण आहे, औषध नाही. तंबाखू गालात ठेवून आवळा खाल्ला तर तो बिचारा आवळा काय करणार? आणि तोंडातली जखम पंधरा दिवसांत भरली नाही तर पाला खात बसू नका, आम्हाला दाखवा.

मंडईत मी त्याईची नक्कल केली. पयल्या गावी पुरी केली. आवळ्यापर्यंत पब्लिक लोटपोट, अन् चश्मा काढला का सारे गप्प, एक बुढा तर मुताले उठून गेला. नकल्याले गप्प पब्लिक म्हनजे मरन, भाऊ. दुसऱ्या गावी मी आवळ्यावरच थांबलो अन् वरून आपली जोड मारली, आवळा खा, कॅन्सरला पळवा! टाळ्याच टाळ्या. तवापासून माहं भाषन आवळ्यापर्यंतच.

आता काकाजीचं सांगतो. बापाचे लहाने भाऊ, बांबू तोडाले जात, काटकुळे, हासरे, अन् सकाळपासून डाव्या गालात तंबाखू-चुना. माह्या नकलेवर सर्वात जोरानं तेच हासत. एक दिवस मी आंगनात वायर गुंडाळून राह्यलो होतो, तर जवळ येऊन बसले. म्हने, का हो डॉक्टरसाहेब, पेशंट आला तुमचा. मी लगेच आवाज नाकात चढवला, बोला, काय त्रास आहे? म्हने, गालात आतून पांढरं झालं साहेब, तिखट झोंबते, जखम काही भरून नाई राह्यली. अन् तोंड उघडून दाखवलं बी. मी पाह्यलं. नाई पाह्यलं असं म्हनत नाई, भाऊ, चांगलं पाह्यलं. पन समोर काकी तांदूळ निवडून राह्यली होती अन् ते आंधीच हासत होती. मी म्हनलं, रोज एक आवळा, वरून हळद, कॅन्सर हात जोडून माफी मागेल! काकी हासली. काकाजी बी हासले. मंग हळूच म्हने, आवळ्यानं होते ना पन? मी म्हनलं, होते ना गा, डॉक्टरनंच सांगतलं.

किती दिवस झाले जखमेले, एवढं तरी इचाराले पायजे होतं. नाई इचारलं.

काकीनं जंगलातून टोपलं टोपलं आवळे आनले, उकडून, मीठ-हळद लावून खाटेवर वाळू घातले. काकाजी हिवाळाभर खाऊन राह्यले, इकडं आवळा अन् दुसऱ्या गालात तंबाखू. होळीच्या सुमाराले मोहफुलं पडाले लागली तवा तोंडात दोन बोटं जाईनात, मंग चंद्रपूर, तिथून नागपूर. शिकलेला म्हनून संग मीच. तिथचे डॉक्टर चिडले, एवढे दिवस काय करत होते? मले वाटलं आता माहं नाव येते. काकाजीनं माह्याकडं पाह्यलंच नाई. म्हने, कामं होती साहेब, बांबूची. मी तिथीच उभा होतो, भाऊ. हातातल्या कागदाची घडी घालत राह्यलो.

अर्धा जबडा काढला, जिभेचा तुकडा बी. घरी आनून वीस दिवस झाले. पेज घेतात, बोलतात ते काकीलेच समजते.

परवा गेलो, पाय धरले, रडलो. अन् रडता रडता बी म्हनून गेलो, मी तर मजाक केली होती काकी, त्याईनंच डॉक्टरसाहेब म्हनलं ना. काकीनं हातातली वाटी खाली ठेवली. म्हने, मजाक? भ्यालेला मानूस कसा इचारते, ठाऊक आहे तुले? तुह्या बापाले इचारते तर घरभर रडारड होते, दवाखान्यात इचारते तर खरं कळते, म्हनून त्यानं तुले इचारलं, हासत हासत. तुले सारं भाषन पाठ होतं रे मेल्या, अन् आमाले टाळ्या पडे तेवढंच देल्लं तू? आता इथी नरडं काढून रडू नोको. उठ, बाहीर हो. तुले पाह्यलं का अजून बी हासू येते त्याले, अन् हासलं का टाके तानते.