पहिल्या धारेचं पेट्रोल

हॅलो? … कोण, यार्मिलाताई? थांब जरा, हात तेलाने बरबटलेत, फोन खांद्याने गालाशी धरलाय… हं, बोल.

निघालात? आत्ताच? … अगं पण ठरलं होतं चर्चच्या बाराच्या घंटेचं. आत्ता कुठे साडेदहा होतायत… म्हणजे तू त्यांच्याच गाडीत आहेस? संग्रहालयवाल्या कोझाकसाहेबांच्या? मागे ट्रेलर जोडून?

बरं, बरं. नमस्कार सांग त्यांना. … माझं सगळं ऐकू जातंय? गाडीतल्या स्पीकरवर टाकलायस मला? … राहू दे, राहू दे. ऐकू देत. लपवण्यासारखं काही उरलेलंच नाही माझ्याकडे, सगळं अंगणात पसरलंय.

नाही, बाबांची मोटरसायकल चालू झाली नाही. अजून नाही. … हसतेय कुठे मी? … हो, हसतेय. अगं ऐक ना, ऐक तरी. ऐकलंस तर तूही त्यांच्या सीटवर लोळशील.

तीन दिवस झाले किक मारतेय. मांडीचा पाटा झालाय. प्लग काढून बघितला तर ठिणगी ही अशी, जवसाच्या फुलासारखी निळी. कार्बोरेटर तीनदा उघडला, तीनदा फुंकला, तीनदा बंद केला. ठिणगी पडतेय, हवा जातेय, आणि बाईसाहेब ढिम्म. रुसलेल्या नवरीसारख्या भिंतीकडे तोंड करून उभ्या.

तर आज सकाळी फ्लोरिआनकाका आले कुंपणावरून. … तेच गं, मधमाश्यावाले. ऐंशीला एक कमी, पण अजून कुंपण ओलांडूनच येतात, फाटकाने येणं त्यांना कमीपणाचं वाटतं. त्यांनी टाकीचं झाकण उघडलं. वास घेतला. पुन्हा घेतला. आणि मग ताई, डोक्यावरची टोपी काढली. कुणाची प्रेतयात्रा चाललेली असली की काढतात ना, तशी. म्हणाले, व्लास्ता, यात तू काय ओतलंयस? म्हटलं पेट्रोल. बाबांचंच, कोनाड्यातल्या बाटल्यांमधलं. बाबांच्या हातची चिठ्ठी आहे की प्रत्येक बाटलीवर…

कळलं? … कळलंच तुला. तू थोरली, तुला बरोबर कळायचं.

स्लिवोवित्सा. आपल्याच आलुबुखारांची दारू, पहिल्या धारेची. टाकी काठोकाठ.

हो ना. आईपासून लपवायला. ती बिचारी त्या कोनाड्याजवळ काडेपेटीसुद्धा नेऊ द्यायची नाही कुणाला. आणि बाबा रोज संध्याकाळी, ‘जरा गाडीचं बघून येतो’. … अगं तेच म्हणते मी, गाडी तीस वर्षं बंद होती, मग रोज काय बघत होते. आणि बघून आले की किती प्रेमळ असायचे. आईला म्हणायचे, आज प्रगती आहे.

वास? मला कुठला वास येतोय. शेतं फुलांनी पिवळीधमक झालीत सगळी, परागाने पंधरा दिवस नाक चोंदलंय माझं. … तेल घातलं ना, बरोबर मापाने घातलं. ते मिसळेचना, मणी होऊन तरंगत राहिलं. मला वाटलं कोनाड्यातल्या गारठ्याने असेल. अर्धा तास ढवळत बसले लाकडी उलथण्याने. गाणंही म्हटलं.

… आपलं असंच, जुळवलेलं. नको गं, साहेब ऐकतायत. … बरं बाई. ‘लाल ग माझी जावा, उभी कोपऱ्यात मुकी। बोल ग एक बोल, देते तेलाची वाटुकी।’ … आवडलं त्यांना? आभारी आहे म्हणावं. गाडी तरीही मिळायची नाही.

नाही ताई, भांडत नाहीये. शब्द दिलाय तो दिलाय. अर्धी तुझी, अर्धी माझी. बाबांच्या थडग्यावर मेणबत्त्या लावून आपण दोघींनी ठरवलं, आज बाराची घंटा व्हायच्या आत ती स्वतःच्या धुरावर फाटकाबाहेर पडली तर घरची, नाही पडली तर साहेबांची. मी काय मागे फिरतेय का? … माहितीये मला. मी पडेन, हाड मोडेल, आणि माझी उस्तवार करायला तुलाच ब्रनोहून यावं लागेल. शंभरदा सांगितलंयस. एकशे एकावं आत्ता झालं.

अगं पण ऐक ना… पोस्टात चौतीस वर्षं शिक्के मारले मी. लोकांची पत्रं कुठे कुठे गेली, कॅनडाला, क्युबाला. मी या खिडकीतून त्या खिडकीत. हा सरलेला हिवाळा पहिलाच, ताई, की एखादी गोष्ट मी खोलली, समोर मांडली, घाबरले, आणि पुन्हा जशीच्या तशी जोडली. कुणाला न विचारता. … हो, तीन नट उरलेत. काका म्हणतात तीन म्हणजे फारच कमी.

सायलेन्सरचं सांगितलं का तुला? उंदरीण बाळंत झाली होती आत. सात पिल्लं, भिजलेल्या चण्यांएवढी. मग काय, दोन आठवडे काम बंद. बाळंतिणीच्या खोलीत पाना घेऊन शिरतं का कुणी?

थांब, काका आले… काय काका? … यांच्या मोटरच्या करवतीचं पेट्रोल आणलंय, तेल घातलेलंच असतं त्यात. टाकी धुतली मघाशीच… ती दारू होय, ती दुधाच्या कॅनमध्ये काढून ठेवलीय. गंजलेले बोल्ट भिजवायला. ओतून द्यायला काकांचा हात होईना. म्हणाले, तुझ्या बापाची शेवटची भट्टी आहे ही, गटारात नको.

कुठवर आलात? … गिरणी गेली मागे? मग बारा काय, अकरालाच टपकाल तुम्ही. साहेबांना सांग जरा हळू, रस्त्यात बदकं असतात आमच्याकडे.

थांब हं. फोन एप्रनच्या खिशात टाकते. ठेवू नकोस, अजिबात ठेवू नकोस. तुझी अर्धी आहे, तूही हजर पाहिजेस… काका, चोक? लावलाय. … एक… नाही. … दोन… शिंकली. ताई, शिंकली गं. … कोण म्हणतंय पुरे? साहेब? त्यांना म्हणावं, ट्रेलर ओढा आपला… तीन…

…

ताई.

ताई, येतंय ऐकू? … मोठ्याने बोल, मला काही येत नाहीये ऐकू… हो. हो, तीच. तीच बोलतेय. अगं आवाज तोच, तसाच, आपण शेंगदाण्याची पोती ओतल्यासारखा म्हणायचो बघ. निळा धूर, सगळं अंगण निळं, कोंबड्या छपरावर, आणि काका… काका नाचतायत, ताई, मधमाश्यांची जाळी डोक्यावर घेऊन एका पायावर नाचतायत…

थांब, थांब, गिअर. किकचाच दांडा ना, आत दाबायचा, पुढे वळवायचा, की तोच गिअर… मी पुन्हा किकच मारत होते की. वळला. … काका, फाटक… फाटक उघडा आधी…

…

हॅलो? आहेस? … बाहेर आहे. बाहेर आहे मी, रस्त्यावर. अक्रोडाच्या झाडाखाली. ती चालूच आहे माझ्याखाली, सगळी थरथरतेय, मीही थरथरतेय, कोण कुणाला थरथरवतंय कळेना. … अकराला सात कमी. काका साक्षीला आहेत, शेजारची रुझेनाही खिडकीत आलीय, केसांना रंग लावलेली तशीच.

काय म्हणतायत साहेब? … चालू गाडी त्यांना जास्तच आवडेल? आवडेल ना, कुणाला नाही आवडणार. … ताई? तुझी अर्धी आहे हे खरंच आहे, त्याला मी नाही म्हणत नाही. … काय देतायत ते? … काचेचं दालन. वरून दिवे. चाळीस गाड्यांच्या रांगेत अगदी मधोमध. … हं. … छान असेल ना. पाऊस लागणार नाही.

विचार की. मला काय, विचार. … काय म्हणाले? … एकही नाही चालवत? तेल काढून टाकतात? सगळ्यांचं? …

ताई, मी काही बोलत नाहीये. तूच ठरव. शब्द पाळला मी माझा, पुढचं तू बघ.

… हॅलो? हा कसला आवाज? दार? थांबलात का? … कोण उतरलं? … तू? टेकडीवरच्या चॅपेलपाशी? आणि ते? … वळवतायत? रिकामा ट्रेलर घेऊन? अगं असं काय सांगितलंस त्यांना? …

एवढंच? ‘मला अजून मागे बसायचंय’? एवढंच म्हणालीस?

… नाही, आहे, आहे मी.

तिथेच थांब. येते मी. … किती वेळ म्हणजे, मला काय माहीत. मी आजवर फाटकापासून अक्रोडापर्यंतच गेलेय. … स्कर्ट असू दे, गुंडाळून बस. … हेल्मेट आहे, बाबांचं, चामड्याचं. तू घाल, मी रुमाल बांधते.

ब्रेक? … आहे की. मागचा. थोडासा. … पुढचा बुधवारी बसवायचाय, काका म्हणाले होते. … ओरडू नकोस, ऐक ना, अगं ऐक. म्हणून तर सांगते, तू चढाच्या वरच्या टोकाला उभी राहा. चढावर ती आपोआप हळू होते. हळू झाली की तू चार पावलं पळ आणि बस. … सदुसष्टची असलीस म्हणून काय झालं, चारच पावलं. …

हो, खाली यायला उतार आहे, माहितीये मला. उताराचं बघू ना. तेव्हा दोघी असू.

ठेवते आता. हिला दोन्ही हात लागतात.